आईला वाचता येणारं पान

“वरच्या पानावर बाय नको. कोलीन म्हनली का मेले नाचतीच काढतात. मना दिसंल असं काय तरी लाव. मना तेवडंच वाचता येनार हाय.”

माझ्या पुस्तकाच्या कव्हराबद्दल आई हे म्हणाली तेव्हा ती उरणला माझ्या भावाच्या ओट्यावर बसून सुकट निवडत होती. नजरेने नव्हे, बोटांनी. काचबिंदूने तिची नजर चहू बाजूंनी आवळत आणली होती. गेलेली परत येणार नाही आणि उरलेली किती दिवस पुरेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तिला समोरचं, मधलं तेवढं दिसे. तेही उजेड चांगला असला तर, आणि वस्तू ठळक असली तर.

पुस्तकावर नाव माझं, शशिकला, पण ते खरं म्हणजे तिचंच. आमचा जुना किनारा बंदराच्या भरावाखाली गेला त्याआधी तिथे एक उंडीचं झाड होतं. त्याच्या बियांचं तेल काढून होड्यांना लावत. झाडाखाली एक सपाट पाथर होती. होड्या परतायच्या वेळेला बायका त्या पाथरीवर बसून वाट बघायच्या, आणि वाट बघता बघता माझी आई, कृष्णाबाई, कहाण्या सांगायची. भराव पडला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. झाड गेलं, पाथर गेली, कहाण्या आईच्या तोंडात राहिल्या. पुढे लग्न होऊन मी विचुंब्याला आले आणि दर सुट्टीत तिच्याजवळ बसून एकेक कहाणी वहीत उतरवून घेतली. दहा वर्षं लागली. पुस्तकाचं नाव ठेवलं ‘उंडीखालच्या कहाण्या’. दोन प्रकाशकांनी वह्या तशाच परत केल्या, तेव्हा ठरवलं की आपणच छापायचं.

आई कधी शाळेत गेली नाही. दोनशे पानांतली एक ओळ तिला वाचता येणार नव्हती. तिच्यासाठी पुस्तक म्हणजे वरचं एक पान. मी तिला शब्द दिला की नारळी पुनवेला पहिली प्रत तुझ्या हातात. आधी तुझ्या, मग लोकांच्या.

“बगू,” ती म्हणाली. “म्हावरं सोडलंस तवा पन लय बोलली व्हतीस.”

मी तुळशीची माळ घातली त्याला तेव्हा वीस वर्षं झाली होती. कोळ्याची पोर आणि मासे खात नाही, हे तिला अजून पटलेलं नाही.

चातुर्मासात मी दर वर्षी काहीतरी सोडते. एका वर्षी वांगी, एका वर्षी साखर. त्या वर्षी, दोन हजार अकरा साली, मी राग सोडला. माझे यजमान न्हावा शेव्याच्या बाजूला ट्रेलर चालवतात, ते ऐकून हसले. म्हणाले, तू रागावलीस की शेजाऱ्यांना पत्र टाकून कळवावं लागतं, त्यापेक्षा चहा सोड, घरात साखर तरी वाचेल. माझा आवाज लहान आहे. रिक्षावाल्यालाही मला दोनदा सांगावं लागतं, आणि दोनदा सांगायची मला सवय नाही म्हणून मी पुष्कळदा पुढच्या नाक्यावर उतरून मागे चालत येते.

राग सोडला त्याशिवाय रोजचे नेम होतेच. सकाळी अंघोळ करून उंबऱ्याबाहेर गेरू सारवायचा, त्यावर रांगोळीची तेहतीस गोपद्मं काढायची, म्हणजे गाईची इवलीशी पावलं. मग देवपूजा, मग तुळशीला पाणी. उठल्यापासून तुळशीला पाणी घालेपर्यंत मौन. घरच्यांना हे ठाऊक आहे. शेजारच्या सुनंदाकाकूंनाही ठाऊक आहे. त्या त्या वेळात मिक्सर मागायला येत नाहीत, घेऊन जातात.

कुंदनला ठाऊक नव्हतं.

कुंदन टपाल नाक्याजवळच्या बळीरामशेठच्या छापखान्यात कव्हरं करायचा. पुस्तक मी तिथेच छापायला दिलं होतं. श्रावण लागला आणि दुसऱ्याच दिवशी तो सकाळी सव्वाआठला मोटरसायकलवरून दारात उतरला. मी सतरावं गोपद्म काढत होते. त्याने माझ्या पुढ्यात एक रंगीत कागद धरला.

कागदावर बाई होती. गुडघ्यावर हिरवं लुगडं, कमरेवर हात, डोक्यावर टोपली, टोपलीत चांदीसारखी चकचकीत पापलेटं. एक डोळा मिटलेला. मागे माडाची झाडं, चंद्र, आणि भलत्याच मुलखातली, छप्पर असलेली लांबडी होडी. माझ्या आईच्या कहाण्यांचं नाव तिच्या पोटऱ्यांवर पाण्याच्या थेंबांच्या अक्षरांत लिहिलेलं.

माझ्या हातात रांगोळी होती आणि तोंडात मौन. मी तळहात त्या बाईच्या तोंडावर ठेवला, झाकायला. मग दोन्ही हात जोडले. मला म्हणायचं होतं, बाबा, हे नको, पाया पडते. कुंदनने कागदावरचा पांढरा पंजा बघितला, माझे जोडलेले हात बघितले, स्वतःही हात जोडले आणि मोटरसायकलला किक मारून गेला.

उरलेली सोळा पावलं मी कशी काढली ते मला आठवत नाही. पूजा घाईने केली, त्याचं अजून वाईट वाटतं. तुळशीला पाणी घातलं आणि ओल्या हाताने फोन लावला. पावणेदहा झाले होते. बळीरामशेठ स्वतः बोलले. म्हणाले, सकाळी एका मोठ्या पत्रिकेचं काम रद्द झालं, मशीन मोकळं होतं, तुमचंच चढवलं, ताई. तुमचं नशीब बघा.

मी साडी बदलून निघाले. राग सोडलेला आहे, असं रिक्षात बसून मनाशी म्हणत होते. वांगं ताटात आलं तर बोटाने बाजूला सारता येतं. हे सारता येत नव्हतं.

छापखान्यात पाचशे बाया ओळीने वाळत पडल्या होत्या. पाचशे मिटलेले डोळे. एका कोपऱ्यात चाळीसेक पुस्तकं बांधूनही झाली होती. बळीरामशेठ साठीचे, आमच्या साहित्य मंडळाचे अध्यक्ष. मला कधी अगं-तुगं केलं नाही, कधी चहाशिवाय सोडलं नाही. त्या दिवशीही त्यांनी आधी चहा मागवला, मग एक प्रत माझ्या हातात दिली. म्हणाले, देखणी आहे की नाही? पुस्तक आधी कुणी उचललं पाहिजे, मग वाचतील.

मी म्हटलं, “ही माझी आई नाही.”

“आई कुठे म्हणतोय मी, ताई? कोळीण आहे ही.”

“माझी आई कोळीण आहे.”

शेठ हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते लहान मुलाकडे बघतात तसं हसले. माझी आई उभ्या जन्मात अशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली नाही. तिचे हात कायम कशात तरी गुंतलेले असत, जाळ्यात, मिठात, पोरात. टोपली डोक्यावर घेऊन ती नाचली असती तर म्हावरं रस्त्यावर सांडलं असतं आणि घरात चूल पेटली नसती. मी हातातली प्रत पालथी ठेवली.

कुंदन मान खाली घालून म्हणाला, “ताई, तुम्ही नमस्कार केलात. मला वाटलं, पसंत पडलं.”

त्याला काय सांगणार होते? देवासाठी गप्प बसले होते म्हणून? माझ्या मौनाने पाचशे बाया छापल्या होत्या.

मी शेठना म्हटलं, हे कव्हर लागणार नाही, दुसरं करा. त्यांनी पत्रिकांचा गठ्ठा पुढे सरकवला. नारळी पुनवेला सकाळी अकरा वाजता मंडळाच्या सभागृहात प्रकाशन, आधी शाळेतल्या मुलींचं कोळीनृत्य. पत्रिका निम्म्या गावात वाटून झाल्या होत्या. मला न विचारता. पुनवेला पहिली प्रत आईच्या हातात जाणार, हे मी त्यांना दोनदा सांगितलं होतं. माझ्या आवाजात सांगितलं होतं, तेवढंच चुकलं.

“आता दुसरं कोण करणार?” शेठ म्हणाले. “कव्हर म्हणजे काय दारातली रांगोळी आहे, बसल्या जागी काढायला? जमत असेल तर करा तुम्हीच.”

“करते.”

“काय म्हणालात?”

“करते म्हटलं.”

दुसऱ्यांदा म्हटलं. कपातला चहा तसाच ठेवून बाहेर आले. रस्त्यावर कंटेनरची रांग लागली होती. ती सरेपर्यंत मी उन्हात उभी होते. राग सोडल्याला पुरता महिनाही झाला नव्हता.

माहनूरचं दुकान मोहल्ल्याच्या तोंडाशी होतं. झेरॉक्स, लग्नाच्या पत्रिका, निकाहची कार्डं, शाळेचे प्रोजेक्ट. तिचे अब्बा कुवेतला, दुकान ती सांभाळायची. पंचविशीची पोर, बोलायला कात्रीसारखी. तिच्याकडे मी माझ्या वह्यांची झेरॉक्स काढायला जात असे, आणि कागद मशीनमधून निघेपर्यंत ती कहाण्या उभ्याने वाचून घेत असे. तिला मी सगळं सांगितलं. तिने कुंदनचं कव्हर हातात धरलं आणि विचारलं, “ही आजीबाई कोणती कहाणी सांगते, काकी? डोळा मारून?”

कितीतरी वेळाने मी हसले.

तिने शिकवायचं कबूल केलं, अटीवर. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी उठायचं, आणि रोज दुपारी यायचं, एक दिवस चुकवायचा नाही. नेम मला नवा नव्हता. त्या वर्षी श्रावण आणि रमजान एकत्रच आले होते. तिचा रोजा, माझं एकभुक्त. दोन उपाशी बायका एका कॉम्प्युटरसमोर, आणि दोघींचंही डोकं तापलेलं.

माउस माझ्या हातात राहत नसे. रेघ काढायला जावं तर ती पडद्याबाहेर निघून जाई. बोटांनी चिमटीतून रांगोळी सोडून मी केसाएवढी रेघ काढते, आणि त्या प्लास्टिकच्या उंदराने मला एक वर्तुळ जमू नये? मी माउसवर रागावले, खुर्चीवर रागावले, एकदा माहनूरवरही. ती म्हणाली, रागवा, पण मोठ्याने रागवा, मला ऐकू आलं पाहिजे.

पाच दिवसांत मी एक कव्हर केलं. त्यात उंडीचं झाड होतं, खाडी होती, तीन होड्या, देऊळ, कर्नाळ्याचा सुळका, पक्षी, वर चंद्र आणि सूर्य दोन्ही. अकरा रंग मोजले मी. कुठे जागा रिकामी दिसली की माझा हात शिवशिवे. नैवेद्याच्या ताटात रिकामी जागा ठेवत नाहीत, तशी मला सवय. आणि सगळ्याभोवती, अगदी काठाला लागून, तेहतीस गोपद्मांची वेल. ती पाहून मला फार बरं वाटलं. पुस्तकाला माझ्या नेमाचा काठ.

माहनूरने ते छापलं आणि मापात कापलं. कापल्यावर मी मोजलं. उजवीकडची चार पावलं उडाली होती, खालची दोन अर्धी झाली होती. सत्तावीस उरली. अर्ध्या कापलेल्या गाईच्या पावलाकडे बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“सांगितलं होतं ना,” माहनूर म्हणाली. “कटर सरळ चालत नाही, काकी. कुणाचाच चालत नाही. याला ब्लीड म्हणतात. काठाला तेच ठेवायचं जे कापलं गेलं तरी चालेल. जे कापलेलं चालणार नाही ते आत घ्यायचं.”

माझ्या मनात आमचा किनारा आला. आम्ही काठाला होतो. कुणीतरी कागदावर रेघ मारताना ठरवलं होतं की एवढं गेलं तरी चालेल.

मग तिने विचारलं, “तुमच्या अम्मीला नक्की काय दिसतं, ते बघितलंय का तुम्ही? का नुसतं आपल्या मनाने चाललंय?”

दुसऱ्याच दिवशी मी ते कव्हर पिशवीत घालून उरणला गेले. आई ओट्यावर होती. तिच्या मांडीवर कागद ठेवला. तिने तो दोन्ही हातांनी उचलला, नाकाजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग म्हणाली, “छान हाय.”

कागद उलटा धरला होता. झाड खाली, खाडी वर.

माझ्या आईने जन्मात कुणाची खुशामत केली नाही. शिळं म्हावरं ताजं म्हणून विकलं नाही. ती माझ्यासाठी खोटं बोलली. मी आत जाऊन मोरीत तोंड धुतलं. राग कुणाचा ते मला तिथे उभं राहून कळेना. शेठचा होता, त्या बाईचा होता, डोळ्यांच्या डॉक्टरचा, भरावाचा, अकरा रंगांचा. देवाचाही होता. एवढी वर्षं न चुकता पावलं काढली, आणि तू माझ्या आईची नजर काठाकाठाने कापत चाललायस. हे मी त्याला मोरीत उभी राहून सांगितलं. माफी मागितली नाही.

त्या रात्री मी तिथेच राहिले. सकाळी नेम चुकवायचा नाही म्हणून वहिनीकडून गेरू मागितला, ओट्याखालची जागा सारवली आणि मौनात गोपद्मं काढायला बसले. आई पायरीवर येऊन बसली. थोड्या वेळाने ती पुढे वाकली आणि मधल्या एका पावलावर नेमकं बोट ठेवलं.

“गाईचं पाऊल,” ती म्हणाली. “एक दिसतंय. बाजूला बी असतील.”

मी मौनात होते. नुसतं तिचं बोट धरलं. बोटाला पांढरं लागलं होतं.

पूजा झाल्यावर मी तिला विचारलं की पाथरीवर बसल्यावर तुला समोर काय दिसायचं. ती म्हणाली, काय दिसनार? तुजा बा दिसायचा. आधी शीड, मंग बा.

घरी आल्यावर मी देवघरातला जुना मोठा पाट काढला, पालथा घातला आणि त्याला गेरूचे तीन हात दिले. पाट वाळेपर्यंत विचार करत बसले. पाथरीवर बसलेल्या बाईला पाथर दिसत नाही. स्वतःचं तोंड दिसत नाही, टोपलीही दिसत नाही. तिला वरची उंडीची एक फांदी दिसते आणि समोर शीड. बाकी सगळं पाणी, म्हणजे बाकी सगळं रिकामं.

रिकामं ठेवणं मला सगळ्यात जड गेलं. पाटाच्या मधोमध मी एक शीड काढलं, जाड, भरलेलं, मूठभर रांगोळीचं. वर एका बाजूने फांदी, पाच पानं. हात पुन्हा पुन्हा खाली जाई. एखादी लाट काढू का, एखादा मासा? माहनूरने पाट दुकानात आणायला लावला. मागच्या खोलीत तिने पंखा बंद केला, पाट जमिनीवर ठेवला आणि मामेभावाचा कॅमेरा गळ्यात घालून स्टुलावर चढली, फोटो बरोबर वरून निघावा म्हणून. रोज्याचा दुपारचा तिसरा प्रहर, वारा नाही, घामाने तिची ओढणी भिजलेली. रिक्षात पाट हलून शीड दोनदा विस्कटलं होतं. तिसऱ्यांदा मी तिथेच बसून काढलं.

“डोळे बारीक करा, काकी,” ती वरून म्हणाली. “आणखी बारीक. आता काय उरलं?”

“शीड.”

“बस. आता हात धुवा, नाहीतर परत काहीतरी काढाल.”

फोटोत रांगोळीचा कण न् कण दिसत होता. शिडाची कड कणाकणाने गेरूत सांडलेली. ती साफ करू का, असं तिने विचारलं. मी नको म्हटलं. पुस्तकाचं नाव खाली, साध्या जाड पांढऱ्या अक्षरांत. त्याखाली ‘सांगणारी कृष्णाबाई’ आणि त्याखाली लहान अक्षरांत मी. पाठीची जाडी आतली पानं मोजून काढली, गुंडी मोजून काज शिवतात तशी. चारही बाजूंनी गेरू वाढवून घेतला. कापला गेला तरी चालणार होता.

पुनवेला तीन दिवस होते. मी पेन ड्राइव्ह घेऊन छापखान्यात गेले. शेठनी तो न बघता खणात टाकला. म्हणाले, कार्यक्रम होऊन जाऊ दे, दुसऱ्या आवृत्तीला बघू. चाळीस प्रती बास होतात तेवढ्या माणसांना. तुम्ही काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं, तुम्ही तशाही कमीच बोलता. आणि जरा रंगीत साडी नेसा.

कुंदन कटरजवळ उभा होता. मशीन बंद होतं, म्हणून माझा आवाज पोचला असेल.

“शेठ, कागद मी आणून दिला. आतला शब्द माझ्या आईचा आहे. तुमची फक्त ही बाई आहे. ती तुम्ही ठेवून घ्या. बाकीची पानं पुनव झाली की मी टेम्पो आणून घेऊन जाईन. त्यांना ही बाई लावायची नाही.”

“ताई, तुम्ही रागावलात.”

“हो,” मी म्हटलं. “रागावले.”

हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा परक्या पुरुषासमोर उच्चारला. शेठनी चहा मागवला. मी थांबले नाही.

पण पुनवेला हातात काय नेणार? माहनूरच्या प्रिंटरवर काढलेलं सुटं कव्हर माझ्याकडे होतं. आईला मी पुस्तक कबूल केलं होतं, कागद नव्हे. मी ते कव्हर जुन्या डायरीला लावून बघितलं. शीड डायरीच्या पाठीवर वळलं. ते काढून टाकलं. खोटं आमच्यात एकदा झालं होतं, पुन्हा नको होतं.

नारळी पुनवेच्या सकाळी मी गोपद्मं काढत होते. सव्वाआठला दारात मोटरसायकल थांबली. कुंदन उतरला. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने ते पुढे केलं नाही. माझ्याकडे बघितलं, रांगोळीकडे बघितलं, चपला काढल्या आणि खालच्या पायरीवर बसला.

“मला माहनूरने सांगितलं,” तो म्हणाला. “तुमचं होऊ दे.”

तो बसून राहिला. मी तेहतीस पावलं पुरी केली. त्या दिवशी घाई केली नाही. पूजा केली, देवाला आणि समुद्राला मनात नारळ ठेवला. तुळशीला पाणी घातलं. मग तुळशीला सांगितलं, हळूच, पण शब्दांत, की राग सोडायचा नेम माझ्याकडून मोडला आहे. पुन्हा धरणार नाही. वांगी सोडेन.

मी बाहेर आले तसा कुंदन उभा राहिला. “आता बोला, ताई.”

वर्तमानपत्र सोडलं. आत पुस्तक होतं. आतली पानं खरी, दोनशे बारा. वर गेरू, मध्ये शीड. पाठीवर नाव सरळ बसलं होतं. त्याने खणातला पेन ड्राइव्ह उचलला होता, कव्हर माहनूरकडे जाड कागदावर काढलं होतं आणि पहाटे छापखाना उघडून, शेठ यायच्या आत, पानांच्या एका गठ्ठ्याला लावलं होतं. बोटांना अजून खळ होती.

“एकच झालंय,” तो म्हणाला.

“एकच हवं होतं.”

तो काहीतरी सांगणार होता, बहुतेक त्या पहिल्या सकाळबद्दल. मी त्याला आधी प्रसादाचा नारळीभात दिला. तो त्याने उभ्यानेच खाल्ला आणि गेला. त्याला दहाला सभागृहात खुर्च्या लावायच्या होत्या.

साडेनऊला शेठचा फोन आला. मुली नटून आल्या आहेत, पाहुणे वाटेत आहेत, तुम्ही निघालात ना? मी म्हटलं, मी येत नाही.

“काय? आवाज येत नाहीये, ताई.”

“मी येत नाही.”

फोन मी देव्हाऱ्याजवळ ठेवला. तो पुन्हा वाजायला लागला तेव्हा वाजू दिला. यजमान खाटेवरून बघत होते. रात्रपाळी करून आले होते. म्हणाले, शेजाऱ्यांना पत्र टाकू का? मी म्हटलं, टाका.

पुस्तक मी वर्तमानपत्रात पुन्हा गुंडाळलं नाही. आईच्या एका जुन्या लुगड्याचा तुकडा देवघरात होता, त्यात ठेवलं आणि पिशवीत उभं घातलं, कोपरे दुमडू नयेत म्हणून. सोबत एक नारळ घेतला. साडी रोजचीच होती. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना गोपद्मांना पदर लागू नये म्हणून तो वर धरला.

नाक्यावर रिक्षा उभी होती. सभागृहाकडून लाउडस्पीकरवर गाणं सुरू झालं होतं, त्यावर मुलींच्या घुंगरांची तालीम. रिक्षावाल्याने कुठे म्हणून मान हलवून विचारलं.

“एसटी स्टँड,” मी म्हटलं. “उरणची गाडी धरायची आहे.”

त्याला एकदाच सांगावं लागलं.